सेट होऊ दे

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंकडे एका शब्दाचा अर्थ विचारायला गेली.

शिष्या म्हटल्यावर वल्कलं नेसलेली, हातात समिधा घेतलेली कुणी डोळ्यांपुढे आली असेल, तर तिला परत पाठवा. ही सेहेचाळीस वर्षांची होती आणि पायांत घरातल्याच सपाता घालून तरातरा निघाली होती, कारण रागाच्या भरात चपला बदलायच्या राहिल्या होत्या. हातातल्या पिशवीत एक कोबी होता आणि कोबीखाली लेकीचा शाळेतला इंग्रजी शब्दकोश. तिचं नाव वृषाली.

गुरूंनाही आश्रम नव्हता. तालुक्याच्या गावात एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, खिडकीत कोरफडीची कुंडी होती आणि दारावर 'पळसुले' एवढीच पाटी होती. पळसुले सरांनी वृषालीला आठवीत इंग्रजी शिकवलं होतं. ते तिला का आलं नाही, याबद्दल दोघांची मतं वेगळी होती. पण लेक ऋजुता नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि वृषालीनं पुन्हा सरांचा जिना धरला. आता आपली मुलगी इंग्रजी बोलणाऱ्या माणसांत राहणार, उद्या तिच्या साहेबाशी बोलायची वेळ आली तर आपण काय तोंड शिवून बसायचं, असा तिचा विचार होता. वेळ येते कशाला, वृषालीनं ती आणलीच. पण ते पुढे.

सरांनी फी घ्यायला नकार दिला होता. त्यांच्या पत्नी गेल्यापासून त्यांना घरचं दही मिळत नव्हतं, तेव्हा शिकायला येशील तेव्हा माझ्या पातेल्यात विरजण लावून जात जा, म्हणाले. ह्या व्यवहारावर वृषाली खूष होती. इंग्रजीत ती कितीही अडखळो, दह्यात तिचा हात धरणारी बाई आळीत नव्हती. तिच्या दह्याची वडी सुरीनं कापावी अशी पडायची आणि भांडं तिरकं केलं तरी जागची हलायची नाही. हे ती स्वतः सांगायची नाही. समोरच्याला भांडं तिरकं करून दाखवायची.

तर त्या दिवशी ती आली ती धापा टाकतच. कोबी बाजूला काढला, शब्दकोश सरांच्या मांडीवर ठेवला आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला. फोनवर ऋजुताचा दोन दिवसांपूर्वीचा मेसेज होता.

'आई प्लीज. मला सेट होऊ दे.'

"हिचं काय करायचं ते सांगा," वृषाली म्हणाली. "सेट म्हणजे काय?"

सरांनी चष्मा शोधला. तो डोक्यावर होता.

वृषालीचं गाऱ्हाणं असं होतं की सेट हा शब्द म्हणजे शब्द नव्हे, धर्मशाळा आहे. कुणीही यावं, पथारी पसरावी. घरात टीव्ही सेट आहे. कपाटात कपबशांचा सेट आहे, त्यातला एक कप नवऱ्यानं फोडलाय तरी तो सेटच. पार्लरवाली केस सेट करते. नणंदेची मुलगी प्राध्यापक व्हायचं म्हणून सेटची परीक्षा देतेय आणि दर वेळी सेटच तिची परीक्षा घेतेय. कोपऱ्यावरच्या हॉटेलात सेट डोसा मिळतो. भाच्याचं कुणाशी तरी सेट आहे म्हणतात, ते तर आईवडिलांसमोर उच्चारायचंही नाही. नगरपालिकेत काम अडलं की सेटिंग लावतात. बरं, ऋजुता इथं होती तेव्हा तिला काहीही सांगा, येताना कोथिंबीर आण, आजीला औषध दे, की ती मानही वर न करता म्हणायची, 'सेट.' म्हणजे हो. म्हणजे ठरलं. म्हणजे आता पुढे बोलू नकोस. एवढे अर्थ कमी पडले म्हणून वृषालीनं शब्दकोश उघडला, तर त्यात हा एवढासा तीन अक्षरी शब्द पानं अडवून बसलेला. ठेवणं, मांडणं, लावणं, जुळवणं, बसवणं, घट्ट होणं, मावळणं. ती म्हणाली, "इंग्रज लोकांकडे शब्द संपले होते का? साड्यांच्या दुकानात एकच ब्लाऊज सगळ्या साड्यांवर चालेल म्हणून गळ्यात मारतात, तसला प्रकार."

सर हसले. मग त्यांनी विचारलं की हा मेसेज यायच्या आधी काय झालं होतं.

वृषालीनं कोबी पिशवीत ठेवला, पुन्हा बाहेर काढला. मग काहीच झालं नव्हतं, म्हणाली. मग थोडंसं झालं होतं, म्हणाली. त्याचं असं, की ऋजुताला थंड पाणी बाधतं. लहानपणापासून. आणि फोनवर तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. आता आपण सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन करतो म्हणून तो कळला तरी. पण पोरगी म्हणते, काही नाही, मी ठीक आहे. मग तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीला फोन केला. तीही म्हणाली, ठीक आहे. दोघी एकच उत्तर देतायत म्हटल्यावर संशय येणारच. मग वृषालीनं कुठून कुठून नंबर मिळवून ऋजुताच्या साहेबाला फोन लावला. आणि तो हिंदीत बोलत असतानाही, सरांकडे घेतलेल्या शिक्षणाला जागून, इंग्रजीत सांगितलं, 'माय डॉटर इज हॅविंग कोल्ड वॉटर प्रॉब्लेम.'

साहेब मनानं चांगला असावा. त्याला वाटलं, पोरीच्या घरी गरम पाणी येत नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमसमोर मीटिंगमध्ये विचारलं, ऋजुता, तुझा गीझर दुरुस्त झाला का, तुझ्या आईचा फोन आला होता.

सरांनी डोळे मिटून घेतले. वाक्य त्यांनीच शिकवलं होतं, 'आय ॲम हॅविंग अ प्रॉब्लेम' असं, दुकानातल्या संवादासाठी.

"त्यानंतर हा मेसेज," वृषाली म्हणाली. "आणि त्यानंतर फोनच उचलत नाही. वाजून वाजून बंद होतो. मेसेज बघते, उत्तर देत नाही. दोन निळ्या रेघा येतात आणि त्या रेघांकडे बघत मी बसते. सर, तिनं आजवर असं कधी केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं."

हे बोलताना तिचा आवाजही थंड पाणी प्यायल्यासारखाच झाला. पण लगेच तिनं तो सावरला, कारण तिच्याकडे तोडगा होता. तिनं बराच विचार करून अर्थ लावला होता. पोरगी नव्या घरात गेलीय, घर काही लागलेलं नसणार, पडदे नाहीत, डबे नाहीत, म्हणून चिडचिड होतेय. सेट होऊ दे म्हणजे घर सेट व्हायला पाहिजे. तेव्हा स्टीलच्या डब्यांचा सेट घेतला होता, कुकर घेतला होता, पडद्यांचं कापड खालच्याच शिंप्याकडे टाकलं होतं, आणि परवाच्या संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलं होतं. ऋजुताला सांगितलेलं नव्हतं. दारात एकदम उभी राहणार, पंधरा दिवस राहणार आणि पोरीला सेट करूनच परत येणार.

"तेवढा अर्थ बरोबर आहे ना, ते सांगा," ती म्हणाली. "मग मी निघते. भाजी टाकायचीय."

सरांची एक खोड होती, आणि ती वृषालीला आठवीपासून खुपत होती. सरळ प्रश्नाला ते सरळ उत्तर देत नसत. हो म्हणायला जिभेला काय काटे टोचतात की काय, असं तिला नेहमी वाटायचं. त्या दिवशीही ते म्हणाले, अर्थ सांगतो, पण आधी दही लाव.

वृषालीनं दूध तापवलं. कोमट झाल्यावर करंगळी बुडवून ऊब पाहिली, चमचाभर विरजण घालून फिरवलं, झाकण ठेवलं. थंडीचे दिवस होते, म्हणून भांड्याला गुंडाळायला काही शोधलं, तर सरांची माकडटोपी हाती लागली. ती भांड्याला घातली. भांडं अगदी सकाळी फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखं दिसू लागलं. ते ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून ती म्हणाली, आता सांगा. सर म्हणाले, संध्याकाळी ये, दही खाता खाता सांगतो. वृषाली सपाता वाजवत जिना उतरली.

संध्याकाळी येऊन तिनं टोपी काढली, झाकण उचललं, आणि आत दूध होतं. नुसतं दूधही नाही. पाणचट, वर कणकण तरंगणारं, ना धड दूध ना धड दही, ज्याला अधमुरंही म्हणता येणार नाही असलं काहीतरी.

आता हा प्रसंग पुरुष वाचकांना किरकोळ वाटेल. वृषालीला मात्र दरदरून घाम फुटला. लग्न झाल्यापासून तिचं दही फसलं नव्हतं. ती म्हणाली, दूध पिशवीचं आहे, त्यात काय मिसळतात देव जाणे. मग म्हणाली, विरजण जुनं असेल. मग म्हणाली, तुमच्या ह्या ओट्यावर वारा येतो. सर खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी मान डोलावली आणि वाटीत ते पाणचट प्रकरण ओतून घेऊन भाताबरोबर जेवले. तेही मिटक्या मारत. तिला वाटलं, आपल्याला हिणवतायत. शब्दाचा अर्थ राहिलाच. दही नाही तर अर्थ नाही, असं सरांनी हसत सांगितलं, आणि ह्या म्हाताऱ्याला आता नक्की चळ लागलाय, असं घरी जाताना तिनं स्वतःशी मोठ्यानं म्हटलं. शिंप्यानं वर बघितलं.

घरी जाऊन तिनं ऋजुताला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. नवरा म्हणाला, "अगं, तिच्या फोनवर तुझं नाव बघून बाकीचे हसत असतील." वृषालीनं त्याला त्या फुटलेल्या कपाची आठवण करून दिली. पण त्याचं म्हणणं तिच्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ण तयारीनं गेली. गवळ्याकडचं म्हशीचं दूध घरून नेलं, घरचं विरजण नेलं, भांडंसुद्धा आपलं नेलं, ते जाड बुडाचं. टोपीबरोबर सरांचा मफलरही वापरला. आणि आज आपण इथून हलायचं नाही असं ठरवून, मटारच्या शेंगांची पिशवी घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. शेंगा सोलत राहिली. सर पेपर वाचत होते.

थोड्या वेळानं सर उठले. आत आले. तिला वाटलं पाणी प्यायला आले असतील. त्यांनी मफलर सोडला, टोपी काढली, झाकण उचललं, आत वाकून पाहिलं. मग मांडणीवरचा चमचा घेतला आणि दुधात घालून गरागरा फिरवला. चमचा चाटून बघितला. झाकण ठेवलं, टोपी घातली, मफलर गुंडाळला आणि परत जाऊन पेपर उघडला.

वृषालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आपण पाहिलं ते खरंच का, हे तिला कळेना. माणसाचं वय झालं की असं होतं, तिच्या सासऱ्यांनी शेवटी शेवटी चहात डाळ घातली होती. तिनं काही न बोलता भांडं जरा आत सरकवलं. पण थोड्या वेळानं सर पुन्हा उठले. पुन्हा मफलर, पुन्हा टोपी, पुन्हा चमचा. ह्या खेपेला त्यांनी भांडं उचलून कानाशी नेऊन हलवूनही पाहिलं. नारळ घेताना हलवतात तसं.

"सर, हे काय करताय?"

"बघतोय," सर म्हणाले. "सेट होतंय का."

"काल पण तुम्ही असंच...?"

"काल तर सारखं. तू गेल्यापासून. काळजी वाटत होती ना. आत एकटंच आहे, अंधारात आहे, ऊब पुरतेय का नाही कोण जाणे. विचारावं तर बोलत नाही. म्हणून जरा चमचा घालून बघत होतो."

वृषालीचा संयम सुटला. कालचा घाम, रात्रीचा फोन, पिशवीच्या दुधाला उगाच दिलेला दोष, सगळं एकदम वर आलं. तिनं सरांच्या हातून चमचा काढून घेतला. गुरूंच्या हातून असं काही काढून घेऊ नये, पण घेतला.

"अहो सर, असं सारखं ढवळलं तर जन्मात लागेल का दही? माझं सगळं करून झालंय ना? दूध चांगलं आहे, विरजण चांगलं आहे, ऊब बरोबर आहे. आता त्याला हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही. तुम्ही प्लीज बाजूला व्हा आणि त्याला सेट होऊ द..."

शेवटचं अक्षर तिच्या तोंडातून नीट बाहेर आलंच नाही.

खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. वृषाली चमचा हातात घेऊन उभी होती. चमच्याच्या टोकाला दुधाचा थेंब जमून खाली पडला, तो तिच्या पायावर.

सरांनी तिला स्टूल दिलं. स्वतः ओट्याला टेकले. वर्गात फळ्याला टेकायचे तसे.

"तुझा शब्दकोश बरोबर आहे," ते म्हणाले. "इंग्रजांनी एकाच शब्दात सगळं कोंबलं. आपण कप मांडतो तो सेट, आणि आपलं आपण घट्ट होतं तेही सेट. माणसानं करायचं आणि वस्तूनं व्हायचं, दोन्हीला एकच शब्द. आपण तो शब्द उचलला, पण मागे शेपूट आपलं लावलं. सेट करणं आणि सेट होणं. दुधाला विरजण लावेपर्यंत तू करत होतीस. झाकण ठेवल्यावर तुझं करणं संपलं, दुधाचं होणं सुरू झालं. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. दह्याच्या बाबतीत. आता तिनं काय लिहिलंय ते वाच. मोठ्यानं."

"मला सेट होऊ दे," वृषालीनं वाचलं. आठवीतल्यासारखं, खाली मान घालून.

"होणार कोण?"

"ऋजुता."

"आणि देणार कोण?"

वृषालीनं चमचा ओट्यावर ठेवला.

"अगं, 'दे' म्हटलंय तिनं. आणि आई म्हणून हाक मारून म्हटलंय. तुला काहीच काम नाही असं कुठं म्हटलंय? होऊ देणं हेही क्रियापदच आहे. त्याचा कर्ता तू."

वृषालीनं मटाराची एक शेंग उचलून सोलली. मग तिनं विचारलं ते अगदी हळू, आणि त्या प्रश्नात आता राग नव्हता.

"आणि नासलं तर?"

"नासेलही. एखाद्या वेळी नासतं. मग ती फोन करेल. तिला तुझा नंबर पाठ आहे, गेले कित्येक दिवस तोच तर वाजतोय."

"आणि चांगलं लागलं तर? एकटीनं सगळं जमलं, तर तिला माझी..." ती थांबली. पुढचं तिला म्हणवेना.

सरांनी सरळ उत्तर दिलं नाही. त्यांची ती जुनी खोड. त्यांनी उलट विचारलं की आजचं विरजण कुठून आणलंस. घरचं, ती म्हणाली. आणि ते कुठून आलं? तिला आठवावं लागलं. लग्न झाल्यावर आईनं छोट्या डबीत दिलं होतं, मांडीवर धरून आणलं होतं. तेच रोज पुढे पुढे चालत आलं होतं.

"मग संध्याकाळी दही लागलं," सर म्हणाले, "की त्यातून तुझ्या आईचं ते चमचाभर विरजण मला वेगळं काढून दाखव."

वृषालीनं पदर... नाही, ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मग मटार उचलले, मफलर पुन्हा नीट गुंडाळला आणि जाताना सरांना बजावलं की आता जर हात लावलात तर उद्यापासून पिशवीचं विकतचं दही खावं लागेल. सर म्हणाले, मी खुर्चीतून उठणारच नाही. आणि त्यांनी ते पाळलं. संध्याकाळी भांडं तिरकं केलं तेव्हा दही जागचं हललं नाही.

बसचं तिकीट तिनं रद्द केलं. ते करायला लागलेला वेळ आणि त्या वेळात तिनं सोडलेले उसासे ह्यांचं वर्णन नको. नवऱ्यानं काही विचारलं नाही, फक्त कुकरची आणि डब्यांची खोकी कपाटावर चढवून ठेवली. मग वृषाली मेसेज लिहायला बसली. पहिल्यांदा लिहिलं की डबे कुरिअरनं पाठवते, पाणी कोमट करून पी, तुझ्या साहेबाला माझ्या वतीनं सॉरी सांग, रात्री कडी लावतेस ना, आणि पुढेही बरंच. वाचून पाहिलं. तो मेसेज नव्हता, चमचा होता. तिनं तो पुसला. दुसरा लिहिला, तोही पुसला. शेवटी लेकीचाच शब्द घेतला, ती कोथिंबिरीला म्हणायची तसा.

'सेट.'

एवढंच. निळ्या रेघा उमटल्या. उत्तर आलं नाही.

आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. हात फोनकडे जायचा. स्वयंपाक करताना जायचा, टीव्ही बघताना जायचा, देवाला दिवा लावताना तर निरांजन सोडून जायचा. शेवटी वैतागून तिनं एक उपाय केला. नवऱ्याचा जुना टॉवेल घेतला, त्यात फोन गुंडाळला, दह्याचं भांडं ठेवतात तसा तांदळाच्या डब्यात खोल खुपसला आणि वरून झाकण लावलं. कामापुरता काढायचा, पुन्हा पुरायचा. नवऱ्याला हा काय प्रकार आहे ते कळेना, पण कप फोडल्यापासून तो जपून होता.

एका रविवारी सकाळी वृषाली कणीक मळत होती. नवरा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात आला, दारातच थबकला आणि कान देऊन म्हणाला, "अगं, तांदूळ वाजतायत."

वृषालीचा हात थांबला. ती एकदम उठणार होती. उठली नाही. बोटांची कणीक काढली, हात धुतले, पुसले. तोवर नवऱ्यानं डबा उघडून टॉवेल सोडवला होता आणि तांदळाचे दाणे ओट्यावर सांडले होते. फोनवर ऋजुताचं नाव होतं.

"आई," पलीकडून आवाज आला, "किती वेळ लावतेस उचलायला. ऐक ना, मला विचारायचं होतं..."

विचारायचं तर वृषालीलाही होतं. आवाजात किंचित खरखर होती, ती तिनं ऐकली. पाणी कसलं पितेस हे शब्द जिभेवर येऊन बसले, अगदी चपला घालून तयार. तिनं ते गिळले. सांडलेले तांदूळ बोटानं एकत्र करत ती म्हणाली, "बोल."

आणि पलीकडची मुलगी बोलत राहिली. घरातलं, ऑफिसातलं, साहेब आता रोज गीझरची चौकशी करतो ते, आणि ते सांगताना स्वतःच हसली. वृषाली ऐकत होती. तांदळाची छोटीशी रास ओट्यावर तयार झाली होती, ती तिनं मोडली नाही.

ज्यांच्या घरात सगळं करूनही काहीच लागत नाहीये, त्यांनी एकदा आपला चमचा कुठे आहे ते बघावं. बहुतेक वेळा तो भांड्यातच असतो.